आकड्यात नसलेले मेश्राम सर

मेश्राम सरांच्या क्लासात फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात कायम एक आकडा लिहिलेला असायचा. दत्तवाडीतल्या महापालिकेच्या शाळेची ती खोली. दिवसभर तिथे चौथीचा वर्ग भरायचा आणि संध्याकाळी सरांचा बुद्धिबळाचा क्लास. चौथीच्या बाई जाताना फळा पुसून जात, आणि सर आल्या आल्या पिशवी खाली ठेवायच्याही आधी खडू उचलून तो आकडा पुन्हा लिहीत.

"हा कसला आकडा, सर?" पहिल्याच दिवशी मी विचारलं.

"देशाचा. आपल्याकडे आजपर्यंत किती ग्रँडमास्टर झाले, त्याचा."

"रोज लिहिता?"

"हो. गेल्या वर्षी लिहून ठेवला असता तर आज खोटा ठरला असता. हल्ली फार भराभर होतात. स्वारगेटला रिक्षा थांबवली तरी आतून एखादा उतरेल."

मी माझ्या आठ वर्षांच्या मुलाला, मल्हारला, क्लासला घालायला गेले होते. तो शाळेत कुणालाही हरवायचा, घरी मोबाइलवर तासन्‌तास खेळायचा. त्याला काय काय येतं ते मी सांगत होते. सर ऐकत होते आणि पटावर सोंगट्या मांडत होते. मांडून झाल्यावर मान वर न करता म्हणाले, "खेळायचं कुणाला आहे?"

"ह्याला."

"मग उत्तरं तुम्ही का देताय? त्याला तोंड आहे."

मला राग आला होता. मल्हार मात्र हसला आणि समोर जाऊन बसला. पुढची चार वर्षं तो तिथे बसला, आणि त्याला तिथून उठवलं ते मी. हे आधीच सांगून टाकते. पुढे जे लिहिणार आहे ते चांगलं लिहिते म्हणून मी चांगली ठरू नये.

दिवाकर मेश्राम मूळचे भंडाऱ्याकडचे. खडकीच्या एका सरकारी कारखान्यात नोकरी लागली म्हणून विसाव्या वर्षी पुण्याला आले आणि येरवड्यात राहिले. उंच, काटकुळे, उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली. पुण्यात इतकी वर्षं राहून त्यांची भाषा इथल्यासारखी तासलेली झाली होती. एक शब्द जास्तीचा नाही. रागावले की मात्र मूळ गाव वर यायचं. "काहून हलवला रे तो घोडा?" असं ऐकू आलं की व्हरांड्यात बसलेल्या आम्हा आयांना कळायचं, आज कुणाचं तरी काही खरं नाही.

सुरुवातीला ते पेठेतल्या एका बुद्धिबळ मंडळात खेळायला जात. तिथला पहिला दिवस ते फार छान सांगायचे. "आधी आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. तरी समाधान होईना, तेव्हा एकाने सरळ विचारलं, तुम्ही कोण? मी पांढऱ्या सोंगट्या घेऊन बसलो होतो. म्हटलं, आज पांढरा. उद्या काळा." यावर आम्ही सगळ्या हसायचो. सर हसायचे नाहीत. मग हळूच म्हणायचे, "त्या गृहस्थांना मी सव्वीस चालींत हरवलं. पण चहा काही आला नाही."

त्यांच्या पिशवीत एक जाड, निळ्या पुठ्ठ्याची वही असे. एकेका पानाला एकेक देश. त्या देशात कोण, कधी ग्रँडमास्टर झालं, याची नोंद. वर्तमानपत्रांतून, मासिकांतून, मित्रांना पत्रं लिहून गोळा केलेली. पुढे हे सगळं एका बोटावर मिळायला लागलं तरी त्यांनी वही सोडली नाही. सोव्हिएत संघाला त्यांनी वीस पानं राखून ठेवली होती. "मग तो देशच फुटला," ते सांगत. "भाऊ वेगळे झाल्यावर भांडी वाटतात ना, तसे ग्रँडमास्टर वाटणीला गेले. युक्रेनला इतके, आर्मेनियाला इतके. मला सगळी वही नव्याने करावी लागली." आइसलँडचं पान काढून ते मुलांना विचारत, "हा देश केवढा? तिथली सगळी माणसं आपल्या पुण्याच्या एका कोपऱ्यात मावतील. आपल्या सबंध देशात एकही ग्रँडमास्टर नव्हता तेव्हा यांच्याकडे होता. का? सांगा."

मुलं म्हणायची, थंडी. मुलं म्हणायची, हुशार असतील. सर मान हलवायचे. "ज्या विहिरीला पाणी आहे तिथेच लोक पोहायला शिकतात. ग्रँडमास्टर व्हायला ग्रँडमास्टरांशी खेळावं लागतं. ज्याच्याकडे ते नाहीत त्याने काय करायचं? कोरड्या विहिरीत हातपाय मारायचे."

हे ते स्वतःबद्दल बोलत होते, हे मला दोन वर्षांनी कळलं. सांगितलं त्यांनीच, एका पावसाळी संध्याकाळी, मुलं आत सराव करत असताना. ग्रँडमास्टर व्हायचं तर साधारणपणे तीन वेगवेगळ्या स्पर्धांमध्ये ठरावीक दर्जाची कामगिरी करावी लागते. तिला नॉर्म म्हणतात. त्या स्पर्धेत परदेशी खेळाडू हवेत, आणि निदान तीन ग्रँडमास्टर समोर खेळलेले हवेत. सरांचे दोन नॉर्म झाले होते. त्या काळी देशातले ग्रँडमास्टर हातांच्या बोटांवर मोजता येत होते. तिसरी स्पर्धा पुण्यातच होती, तिच्यासाठी त्यांनी साठवलेली सगळी रजा लावली. बाहेरून तीन ग्रँडमास्टर आले होते. सर अप्रतिम खेळले. पण चौथ्या फेरीनंतर त्या तिघांतला एक पोटाच्या आजाराने अंथरुणाला खिळला आणि विमानात बसून घरी गेला. सरांची गाठ त्याच्याशी शेवटच्या फेरीत पडायची होती.

"मग दुसरा बोलवायचा ना?" मी म्हटलं.

"आयोजकांनी दोन दिवस फोन केले. असता तर आला असता, मॅडम. देशात नव्हताच मोकळा कुणी."

"म्हणजे?"

"म्हणजे मला हवे होते तेवढे गुण मी मिळवले. पण तीनच्या जागी दोन ग्रँडमास्टर. नॉर्म नाही. एका माणसाला पुण्याचं पाणी बाधलं." मग म्हणाले, "पाणी खडकवासल्याचं. आपण त्याचं किती कौतुक करतो."

पुन्हा तशी स्पर्धा इकडे झाली नाही. परदेशी जायला रजा मिळाली नाही, मग वडील आजारी पडले, मग मुलगी झाली, मग वय झालं. सर इंटरनॅशनल मास्टर राहिले. ग्रँडमास्टरच्या एक पायरी खाली. फळ्यावरच्या आकड्यात ते कधीच मोजले गेले नाहीत आणि तो आकडा रोज स्वतःच्या हाताने लिहीत राहिले. मी त्यांना विचारलं होतं, त्रास नाही होत? ते म्हणाले, "होतो की. म्हणून तर अक्षर चांगलं काढतो."

शिकवायचे कसे, हे सांगायला मला बुद्धिबळ येत नाही. पण चार वर्षं व्हरांड्यात बसून जे पाहिलं ते सांगते. जिंकलेला डाव ते कधीच तपासायचे नाहीत. "जिंकलास ना? मग जा, पाणी पी." हरलेला डाव मात्र मुलाने स्वतः लिहून आणायचा आणि कुठल्या चालीला भीती वाटली तिथे खूण करायची. चूक कुठे झाली ते नाही विचारायचे. भीती कुठे वाटली ते विचारायचे. "चूक सगळ्यांना दिसते. भीती फक्त तुला माहीत असते. ती मला सांग, मी कुणाला सांगणार नाही." हरल्यावर समोरच्याशी हात नीट मिळवायचा, डोळ्यांत बघून. "मेलेल्या मासोळीसारखा हात देऊ नकोस. हरलायस, मेलेला नाहीस."

मल्हारने त्यांना पहिल्यांदा हरवलं तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. मी दारातून बघत होते. सरांनी राजा आडवा केला, हात पुढे केला, आणि उठून बाहेर नळावर गेले. बराच वेळ तोंड धूत होते. परत आले तेव्हा शर्टाची कॉलर ओली होती. माझ्याकडे बघून म्हणाले, "आता तुम्हाला वाटेल, यांचं शिकवून झालं. अजून झालेलं नाही."

त्यांना कळलं होतं. माझ्या मनात तो विचार खरंच येऊन गेला होता.

स्पर्धांना जायला लागल्यावर आया-बापांची एक वेगळीच दुनिया असते. हॉलबाहेर सतरंज्या, डबे, थर्मास आणि एकमेकांच्या मुलांचे गुण तोंडपाठ. तिथे सगळे मला विचारायचे, कोच कोण? मेश्राम सर म्हटलं की चेहरे कोरे व्हायचे. कुणीतरी म्हणायचं, "अच्छा, ते इंटरनॅशनल मास्टर. म्हणजे ग्रँडमास्टर नाहीत." एका बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "जो स्वतः पोचला नाही, तो मुलाला कुठवर नेणार? चेन्नईला टाका. तिथे गल्लीगल्लीत ग्रँडमास्टर आहेत." मी घरी येऊन नितीनला, माझ्या नवऱ्याला, हे सांगितलं. तो खराडीला एका कंपनीत आहे. त्याला सगळ्या गोष्टी आलेखात दिसतात. त्याने राज्याराज्यांचे आकडे काढले आणि लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. "बघ ना. प्रॉबॅबिलिटीच तिकडे आहे." विहिरीची गोष्ट सरांनीच आम्हाला शिकवली होती, आणि तीच आम्ही त्यांच्याविरुद्ध वापरली.

चेन्नईच्या एका अकादमीत मल्हारचं नक्की झालं. मी त्याच्याबरोबर तिथे राहणार होते. सरांना समोर जाऊन सांगण्याचं धैर्य मला झालं नाही. व्हॉट्सॲपवर लिहिलं, "सर, काही घरगुती कारणामुळे मल्हार या महिन्यापासून क्लासला येऊ शकणार नाही." त्यांचं उत्तर एका शब्दाचं आलं. "ठीक."

निघायच्या आदल्या रविवारी सकाळी ते आमच्या दारात उभे. येरवड्याहून धायरीपर्यंत दोन बस बदलून आले होते. मी "आत या" म्हटलं, पण बाजूला सरकले नाही. मागे हॉलमध्ये बांधलेली खोकी दिसत होती.

"बसत नाही," ते म्हणाले. "घरगुती कारण चेन्नईला राहतं असं कळलं. चांगलं शहर आहे."

त्यांनी पिशवीतून एक दोनशे पानी वही काढली. "यात त्याचे हरलेले सगळे डाव आहेत. त्याला कुठे भीती वाटते ते लिहिलंय. डाव त्याच्या बाजूने झुकला की तो घाबरतो. वाईट स्थितीत वाघ असतो, चांगल्या स्थितीत बरोबरी मागतो. नवीन सरांना द्या. त्यांना हे शोधायला वर्ष लागेल, तेवढं वाचेल."

"सर, मल्हारला बोलावते."

"झोपू दे त्याला. प्रवास आहे."

ती वही मी चेन्नईला नेली. तिथल्या मुख्य प्रशिक्षकांनी पहिलं पान उलटलं, मराठी अक्षर बघून बंद केली आणि म्हणाले की हे सगळं आता कॉम्प्युटर सांगतो. मी मान डोलावली. वही कपाटात गेली.

मल्हार सतराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला. तिसरा नॉर्म सर्बियातल्या एका लहानशा गावात, एका हॉटेलच्या जेवणघरात झाला. आम्ही पुण्याला परत आलो आणि इथे सत्कार ठरला. त्याआधी एका वार्ताहराने घरी येऊन मुलाखत घेतली. विचारलं, "सुरुवात कुठे झाली?" मल्हार आत कपडे बदलत होता. मी म्हणाले, "घरीच. त्याच्या बाबांनी शिकवलं." नितीन शेजारी बसला होता. घोडा कसा चालतो ते त्याला अजून धड माहीत नाही. त्याने वार्ताहरापुढे चहाचा कप सरकवला.

का म्हणाले मी तसं? ते ग्रँडमास्टर नव्हते, त्यांचं नाव कुणाला माहीत नव्हतं, सांगून काय शोभा, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. पण सत्काराच्या सभागृहात पहिल्या दोन रांगांत बसणाऱ्यांची आडनावं माझ्या डोळ्यांपुढे होती, आणि त्या रांगांत मेश्राम हे आडनाव मला बसवता येत नव्हतं. हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे.

व्यासपीठावरून मी आभार मानले. अकादमीचे, तिथल्या चार प्रशिक्षकांचे, नितीनच्या कंपनीचे, आमच्या सोसायटीचे. बोलता बोलता नजर गेली तर मागच्या बाजूला, खांबाजवळ, पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट. पुढची दोन वाक्यं माझी चुकली. नाव घ्यायला तेव्हाही वेळ होता. माझ्या हातात माइक होता.

कार्यक्रम संपल्यावर फोटोसाठी रांग लागली. सर रांगेत उभे राहून आले. मल्हार खुर्चीवरून उठला, वाकायला लागला, तर त्यांनी त्याला खांद्याला धरून सरळ केलं आणि हात पुढे केला. दोघांनी हात मिळवला. मग ते नितीनकडे वळले.

"अहो, पेपर वाचला. तुमचा खेळ चांगला दिसतोय. कधीतरी बसू या दोघं."

आणि फोटो न काढताच पायऱ्या उतरून गेले. मल्हारने तोपर्यंत पेपर वाचला नव्हता. त्या रात्री त्याने तो वाचला, घडी केली आणि टेबलावर ठेवला.

त्यानंतरची दोन वर्षं वाईट गेली. आम्हाला वाटलं होतं, ग्रँडमास्टर झालं की जग उघडतं. पण देशात आता इतके झाले होते की मल्हारला कुणी बोलावेना. एका आयोजकाने तर फोनवर सरळ विचारलं, "तुमच्या आधी पन्नास जण आहेत, त्यांना काय सांगू?" त्याच्याहून लहान मुलं त्याला हरवू लागली. जिंकत आलेल्या डावात तो बरोबरी मागायचा. एका स्पर्धेतून तो अर्ध्यावर उठून आला आणि पट माळ्यावर टाकून दिला. खोलीचं दार बंद. मी बाहेरून म्हणायची, अरे, निदान जेव. नितीन त्याला कॉलेजच्या वेबसाइट दाखवायचा.

मग तो दर शनिवारी दुपारी बाहेर जायला लागला. मित्राकडे जातो म्हणायचा. सात-आठ महिने गेले. त्याचा आवाज सुधारला, जेवण सुधारलं. एका शनिवारी मी विचारलं, "कुठला मित्र रे?"

"मेश्राम सर," तो म्हणाला.

मी गॅस बंद केला. "ते... तुला येऊ देतात?"

"पहिल्या दिवशी म्हणाले, आई कुठे आहे? म्हटलं, घरी. म्हणाले, मग ये आत."

"काय शिकवतात?"

"काही नाही. खेळतो आम्ही. त्यांना आता नीट दिसत नाही. मी चाल सांगतो, ते सोंगटी चाचपून हलवतात. हरतात बऱ्याचदा." मग तो म्हणाला, "त्यांनी मला विचारलं, वही मिळाली होती का. मी विचारलं, कुठली वही?"

मी आत गेले, कपाटाच्या तळातून वही काढली आणि त्याच्या हातात दिली. त्याने तिथेच उभं राहून पहिली काही पानं वाचली. "मी बारा वर्षांचा होतो तेव्हाच त्यांना कळलं होतं," तो म्हणाला. माझ्याशी नव्हे. मग चपला घालून निघून गेला. मला एकदा तरी येरवड्याला जायचं होतं. पुढच्या शनिवारी जाऊ, असं मी प्रत्येक शनिवारी ठरवलं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात सर गेले. हृदयविकाराचा झटका, सकाळी, दूध आणायला गेले असताना. मल्हारला त्यांच्या मुलीचा, प्रज्ञाचा, फोन आला. ती परिचारिका आहे. मी तिला कधी भेटले नव्हते. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम त्यांच्या वस्तीतल्या विहारात होता. मल्हार सकाळीच गेला होता. नितीन आणि मी दुपारी पोचलो. वंदना झाली. मग चार शब्द बोलायला माणसं उठू लागली. कारखान्यातला एक मित्र बोलला. शेजारच्या बाई बोलल्या. मी पर्समध्ये दोन पानं लिहून आणली होती. माफी मागणारी. चांगली लिहिली होती. वाचताना मला स्वतःलाच रडू आलं होतं. मी उठले आणि पुढे गेले.

प्रज्ञा माइकजवळ उभी होती. तिने माझा हात हलकेच धरला आणि फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मॅडम, आपण बसा. बाबा सांगून गेलेत, पालकांना बोलायला देऊ नका. मुलं बोलतील."

तिच्या आवाजात राग नव्हता. मी परत येऊन बसले.

मग मल्हार उठला. त्याने लिहून काही आणलं नव्हतं. तो म्हणाला, "मी आठ वर्षांचा असताना मेश्राम सरांकडे आलो. मला जे काही येतं ते त्यांनी शिकवलं. पेपरात वेगळं आलं होतं. माझ्या बाबांना बुद्धिबळ येत नाही." एवढंच बोलून तो आपल्या जागी जाऊन बसला. आमच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. तिथे आम्हाला कुणी ओळखतच नव्हतं. नितीन सतरंजीच्या काठाचा एक सुटलेला धागा बोटाला गुंडाळत राहिला.

बाहेर खीर वाटत होते. आम्ही घेतली, उभ्याने खाल्ली. मी मल्हारला म्हटलं, चल, गाडी कोपऱ्यावर आहे. तो म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे. मला सतरंज्या उचलायच्या आहेत." मग तो आत गेला. प्रज्ञाने सतरंजीची एक बाजू धरली होती, दुसरी त्याने धरली. आम्ही दोघं निघालो.